डावे नऊ, उजवे अकरा

परिचारिकेनं ताट फिरवलं. झालं ते एवढंच. बाबांचं जेवण थांबलं होतं. ताटातलं उजवीकडचं सगळं संपलेलं, डावीकडचा उकडलेला बटाटा नि वाटाणे जसेच्या तसे, आणि मधे पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ रेघ. ही रेघ मी रोज दुपारी बघत होते. मला वाटायचं, अन्न जात नाही. कधी असंही वाटायचं की मी समोर बसलेय म्हणून जात नाही. त्या दिवशी नेहमीची परिचारिका रजेवर होती आणि तिच्या जागी एक थोराड, घाईघाईनं चालणारी बाई आली होती. "झालं का आजोबा?" म्हणत ती आत आली, ताटाकडे बघून हसली आणि तिनं ताट नुसतं अर्धं गोल फिरवून ठेवलं. बाबांनी चमचा उचलला आणि पुन्हा जेवायला लागले. कोणीतरी आत्ताच गरम वाढून आणलं असावं, असा चेहरा. "यांना डावीकडचं उमगत नाही हो," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "डोळे चांगले आहेत. पण डावी बाजू म्हणून काही असतं हेच डोक्यातून गेलंय. सांगितलं नाही का तुम्हाला कोणी?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही, आणि तिला थांबायला वेळ नव्हता. मी पर्स उचलली, खुर्ची मागे सारली आणि जेवणाची सुट्टी संपत आली म्हणून कचेरीकडे निघाले. ती खुर्ची बाबांच्या डाव्या हाताला होती.

हे मला लिफ्टमध्ये सुचायला हवं होतं. सुचलं नाही. खरं सांगायचं तर बाबांना मेंदूचा झटका आल्यापासून मला काहीच धड सुचत नव्हतं. सुया टोचल्या तरी कळू नये, असं सगळं आतून बधिर झालं होतं. डॉक्टर बोलायचे, मी ऐकायचे, आणि बाहेर येऊन धाकटीला फोनवर सांगायचे तेव्हा लक्षात यायचं की मला त्यातलं फक्त त्यांच्या शर्टाचं बटण आठवतंय. रडू आलं नाही. रडू येत नाही याचं वाईटही वाटलं नाही. रोज दुपारी मी दवाखान्यात जायचे, खुर्चीत बसायचे, आणि बाबा खिडकीकडे तोंड करून पडलेले असायचे. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला. बाहेर समोरच्या इमारतीची मागची भिंत, तिच्यावर पाण्याचे पाइप, एखादं कबुतर. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ते बघत राहायचे आणि मी त्यांचा डावा कान, डावा गाल आणि दाढी करताना राहून गेलेले पांढरे खुंट बघत राहायचे. मला त्यात नवल वाटलं नाही. गेली चार-पाच वर्षं आमचं असंच चाललं होतं.

अबोला आमच्या घराला नवा नव्हता. बाबांचं शिवणकामाचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून जीभ थकायची, मग घरी आल्यावर ते कोणाशी ना कोणाशी अबोला धरायचे. आई होती तोवर निरोपाची सोय होती. "मोठीला सांग, दूध उतू जातंय," असं ते माझ्यासमोर उभं राहून आईला सांगायचे आणि आई तेच मला पुन्हा सांगायची, आणि तोवर दूध उतू गेलेलं असायचं. आम्ही दोघी बहिणी हसायचो. आई गेल्यानंतर मधलं माणूसच उरलं नाही. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. मग बाबा कपाटाशी बोलू लागले. "कोणाला बाहेर जायचं असेल तर छत्री दाराशी आहे," असं कपाटाला. "आज कोणी भाजी आणू नये, मी आणलीय," असं भिंतीला. मीही काही कमी नव्हते. "मला उशीर होईल" हे मी चपलांना सांगितलेलं आहे. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुमचं घर किती शांत. दोघं माणसं एका छपराखाली, एकमेकांचं खाणंपिणं, औषधं, कपडे सगळं वेळच्या वेळी बघत होतो, फक्त तोंडाला तोंड नव्हतं.

त्याचं कारण एका वाक्याएवढं होतं. आई गेली तेव्हा मी जंगलात होते. आमचं काम म्हणजे रानातली जनावरं मोजणं; त्या हंगामात बिबट्यांची मोजणी होती आणि छावणीत फोन लागत नसे. निरोप पोचून मी घरी आले तोवर सगळं आटोपलं होतं. घरात माणसं होती. मी दारात उभी, बुटांना चिखल. बाबांनी मान वर केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "झाली का मोजणी?" तेवढंच. मी काही न बोलता आत गेले आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, की काय झालं म्हणून. पुष्कळदा मी ते वाक्य मनात फिरवून पाहिलं होतं, आणि दर वेळी ते त्याच जागी टोचायचं. पुढे पुढे टोचणंही थांबलं.

कचेरीत माझ्या पडद्यावर बिबटे उघडेच होते. आमच्या पद्धतीत पायवाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा झाडाला बांधतात. जनावर मधून गेलं की दोन्ही आपोआप एकदम उडतात नि फोटो निघतात, एकाला डावी कूस मिळते, एकाला उजवी. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके ज्याचे त्याचे वेगळे, त्यामुळे तोच परत आला तर ओळखता येतो. पण डाव्या कुशीवरचे ठिपके निराळे आणि उजवीवरचे निराळे. दोन्ही कॅमेरे एकाच क्षणी उडाले तरच म्हणता येतं की ही डावी नि ही उजवी एकाच जनावराची. या वेळी उत्तरेच्या पट्ट्यात घोळ झाला. अस्वलांना प्लॅस्टिकचा वास आवडतो की काय कोण जाणे, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्यांनी जोडीतला एक कॅमेरा चावून ठेवला होता. उरला एक. मग एका बाजूचे फोटो आले ते आले. आठवडाभर बसून मी डाव्या कुशी वेगळ्या काढल्या, उजव्या वेगळ्या काढल्या. डावे नऊ, उजवे अकरा. कुठला डावा कुठल्या उजव्याचा, ते देव जाणे.

"मग अकरा धरू," आकडेवाला म्हणाला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थाला सगळी कचेरी आकडेवालाच म्हणते. मी पटवून दिलेल्या ओळखींवरून शंभर चौरस किलोमीटरला बिबटे किती, हे तो काढतो. "नऊ नि अकरा वीस कोणी केले तर मला सांग. त्याला बढती मिळेल आणि बिबट्यांना गर्दी होईल." तो असं बोलून स्वतःच हसतो आणि लगेच गंभीर होतो. त्याचं खरं काम न दिसलेल्यांचं. जे दिसले ते पुन्हा किती वेळा दिसले, यावरून जे एकदाही दिसले नाहीत ते किती असतील, याचा अदमास. तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, फोटो आला नाही म्हणजे जनावर नाही, असं म्हणणाऱ्याला मी या खोलीत पाय ठेवू देत नाही. आणि दुसरं एक तो नेहमी सांगतो, की काही जनावरं पहिल्या फोटोलाच बुजतात आणि ती जागा टाळून आडवाटेनं जायला लागतात. त्यांच्यामुळे हिशेब चुकतो. ती रानात असतात, रोजची हिंडतात-फिरतात, फक्त आपल्या समोर येत नाहीत.

उत्तर पट्ट्यातल्या दोघांना आम्ही नावं ठेवली होती. उजव्यांतला एक सारखाच कॅमेऱ्यासमोरून जायचा, अगदी संथ, मान वर करून, तो 'निलाजरा'. डाव्यांतला एक हंगामभरात एकदाच आला, तोही फोटोच्या कडेला, अंग चोरून, तो 'भित्रा'. दुपारी मी भित्र्याचा तो एकुलता फोटो उघडला. त्याच्यापाठोपाठ त्याच क्षणांतले आणखी दोन फोटो होते, हललेले, अंधूक, म्हणून मी ते आधी बाजूला टाकले होते. आता का उघडले, सांगता येत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं. पहिल्यात भित्रा डावीकडे निघालेला, डावी कूस पुढे. दुसऱ्यात त्याचे कान ताठ झालेले. कॅमेऱ्याचा बारीकसा कट् असा आवाज होतो, तो त्यानं ऐकला असावा. तिसऱ्यात तो गर्रकन मागे वळला होता. तीच वाट, तेच जनावर, पण आता उजवी कूस. मी ती मोठी केली, खांद्याखालचे ठिपके लावून पाहिले, पोटाजवळची तुटकी साखळी लावून पाहिली. निलाजरा. भित्रा नि निलाजरा एकच. पाण्याला जाताना तो रोज या वाटेनं ऐटीत जायचा आणि परतताना दुसऱ्या वाटेनं जायचा, म्हणून त्याची उजवी बाजू सदोदित दिसत होती आणि डावी त्या एका वेळेपुरतीच. आम्ही मात्र त्याचे दोन स्वभाव करून ठेवले होते. त्यांच्यावर विनोदही केले होते.

मी पडद्याकडे बघत बसले. मग पडद्याच्या जागी ताट दिसायला लागलं. परिचारिकेचा तो जाड हात, अर्धं गोल फिरलेलं ताट, बाबांचा उचललेला चमचा. आणि खुर्ची. खुर्ची डावीकडे. मी रोज येते ती डावीकडच्या दारानं, बसते डावीकडे, उठून जाते डावीकडूनच. तोंडातून शब्द काढत नाही, परिचारिकेशी बोलायचं तरी बाहेर जाऊन बोलते, कारण बाबांच्या देखत बोलणं म्हणजे अबोला मोडल्यासारखं. मी शांतपणे उठले, जिन्यात गेले आणि धाकटीला फोन लावला.

धाकटी झटक्याची बातमी कळल्यापासून इथेच, आमच्या घरी उतरली होती. ती संध्याकाळी दवाखान्यात जायची आणि बाबांच्या पलंगावरच, खिडकीच्या अंगाला मांडी घालून बसून त्यांना भरवायची. शनिवारी ती त्यांना गाडीनं आपल्या गावी नेणार होती. तिथे तिचं घर तळमजल्यावर, नवऱ्याची मदत, मोठी न्हाणी. सगळं ठरलं होतं आणि माझी हरकत नव्हती. मला कशाचीच हरकत नव्हती. तो गुरुवार होता.

"खुर्ची डावीकडे कोणी ठेवली?" मी विचारलं.

"कुठली खुर्ची? ताई, तू बरी आहेस ना?"

"बाबांच्या खोलीतली."

"ती व्यायाम घेणाऱ्या बाईंनी ठेवली. पहिल्याच दिवशी. म्हणाल्या, माणसं त्याच बाजूनं येऊ देत, सारखं बोलत राहा, हात लावा, म्हणजे ते मान वळवतील. मी तुला सांगितलं होतं की, खुर्ची हलवू नकोस म्हणून."

खुर्ची हलवू नकोस एवढंच सांगितलं होतं. बोलत राहा, हे सांगितलं नव्हतं. निदान मी ऐकलं नव्हतं. "मग तू खिडकीकडे का बसतेस?" मी म्हटलं.

"मला नाही जमत ते नियम. मला त्यांचं तोंड दिसायला हवं. ताई, एक बोलू? रागावू नकोस. ते रोज विचारतात, मोठी का येत नाही. मी म्हणते, येते की रोज दुपारी. तर म्हणतात, नाही येत. मला वाटलं विसरतात. या आजारात विसरतात असं सगळे म्हणतात. उगाच तुला कशाला सांगू."

"आणि काय म्हणतात?"

"म्हणतात, अजून रागावलीय का गं ती."

मी फोन ठेवला. जिन्याच्या कठड्याला कोणीतरी नुकताच रंग दिला होता आणि तो माझ्या तळहाताला लागला. मी वर जाऊन आकडेवाल्याला म्हटलं, भित्रा नि निलाजरा एक आहेत, फोटो उघडा ठेवलाय, आणि मी जाते. तो खुर्चीतून उठलाच. एक डावा एका उजव्याला जुळला की बाकीचा अदमासही घट्ट बसतो, हे त्याला मिळालेलं बक्षीसच होतं. "अगं, पण हे सापडलं कसं?" तो मागून विचारत राहिला. मी म्हटलं, वळला तो. आवाज झाला म्हणून वळला.

दवाखान्याचा रस्ता पायी वीसेक मिनिटांचा. मी चालत गेले. चष्म्याच्या दुकानापाशी, किल्ल्या करून देणाऱ्यापाशी, बंद पडलेल्या बँकेपाशी मी तेच ते घोकत होते. रागावलेला बाप मला सवयीचा होता. राग म्हणजे तरी मी त्यांच्या लेखी होते. खिडकीकडे फिरवलेलं तोंड माझ्यासाठी फिरवलेलं होतं. आता ते तोंड कोणासाठीच फिरवलेलं नव्हतं. त्या खुर्चीत रोज कोणीच येऊन बसत नव्हतं. शनिवारी गाडी त्यांना घेऊन जाईल आणि मोठी एकदाही आली नाही, हे बरोबर घेऊन ते जातील. यात मला दुखायला हवं होतं. दुखत नव्हतं, पण आपल्याला दुखत नाहीये हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं, झोपलेला हात उशाखालून काढल्यावर कळतं तसं.

खोलीत चहाची वेळ होऊन गेली होती. बाबा नेहमीसारखे खिडकीकडे बघत होते. मी आत गेले आणि जाऊन बसले ती त्याच खुर्चीत. पलंगाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला जायला काय लागत होतं? सलाइनचा खांब थोडा सरकवला की झालं. पण मला भीती वाटली. इथे बसून हाक मारली आणि ते वळले नाहीत, तर तो आजार. तिकडे जाऊन समोर उभी राहिले, त्यांनी मला नीट पाहिलं, आणि मग तोंड फिरवलं, तर त्याला काही नाव देता आलं नसतं. मांडीवरच्या माझ्या हाताला हिरवा रंग लागलेला होता. तो मी नखानं खरवडला. घसा दोनदा साफ केला. चार-पाच वर्षं न वापरलेला शब्द तोंडात कसा धरायचा, तेच कळेना.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांची मान हलली. आणि ती वळली ती माझ्याकडे नाही. आणखी पलीकडे वळली, खिडकीकडे, उशीत गाल रुतेपर्यंत. संपलं, मला वाटलं. विचारून घेतलंस ना, आता जा घरी. मी पर्सकडे हात नेला.

"मोठी?" ते खिडकीला म्हणाले. "आलीस होय?"

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कपाटच. आमची ती जुनी रीत. पण कपाटाशी बोलताना त्यांनी कधी माझं नाव घेतलं नव्हतं, कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तिथे नेहमी 'कोणी' असायचं. बाबा खिडकीच्या पडद्याच्या कडेशी, पाइपांपाशी, रिकाम्या जागेत मला शोधत होते. आवाज आला म्हणजे माणूस तिथेच असणार. जग तेवढंच उरलं होतं. ओठांची उजवी बाजू हसत होती. ते हसू मला खुर्चीतून अर्धंच दिसत होतं.

"उजेडामुळे दिसत नाहीस नीट," ते म्हणाले. जीभ जड होती, शब्द एकेक करून येत होते. "धाकटी म्हणते, तू रोज येतेस. खोटं बोलते बिचारी. मला बरं वाटावं म्हणून." मग जरा दम घेऊन, खिडकीतल्या मला त्यांनी विचारलं, "झाली का मोजणी?"

तेच वाक्य. तोच स्वर सुद्धा. काम करून थकून आलेल्या माणसाला घरच्यानं विचारावं, तसा. मी दारात चिखलाच्या बुटांनी उभी होते तेव्हाही तो असाच होता का? त्या दिवशी बाबांनाही काय बोलावं ते सुचत नसेल, सगळं बधिर झालं असेल, आणि तोंडाला जे आलं ते त्यांनी विचारलं असेल? आता कळायला मार्ग नव्हता. मी एकाच बाजूनं ऐकलं होतं. डोळ्यांत काहीतरी जमायला लागलं, ते मी येऊ दिलं.

"नाही बाबा. चालू आहे अजून," मी म्हटलं. आणि उठले, सलाइनचा खांब सरकवला, पलंग नि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरले, आणि ते जिथे बघत होते तिथे जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला पाहिलं. आधी खांदे, मग बाह्या, मग चेहरा. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते याच क्रमानं बघायचे. "वाळलीस," ते म्हणाले. "खांद्यात सैल झालंय. काही खातेस की नाही?" चहाबरोबर आलेली बशी त्यांच्या पुढ्यात होती. त्यांनी चाचपडत बशीत बोटं फिरवली. उजवीकडे नुसते कण होते. त्यांचा चेहरा पडला. "संपलं वाटतं," ते म्हणाले. "सगळं मीच खाऊन बसलो. तुझ्यासाठी काहीच ठेवलं नाही."

बशीच्या डाव्या अंगाला दोन बिस्किटं होती, न शिवलेली. मी बशी अर्धी गोल फिरवली.

बाबा बशीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "अगं, ही कुठून आली?"

"इथेच होती," मी म्हटलं.